नमुना अ, नमुना ब

परळच्या प्रयोगशाळेत, तिसऱ्या मजल्यावर,
फळाला नाव नसतं.
रांजणं झाली नमुना अ.
अळू झाले नमुना ब.
अळू म्हणजे वडीच्या पानांचं नव्हे,
झाडावरचं फळ. पिकलं की तपकिरी, सुरकुतलेलं,
चिकूच्या गरीब चुलतभावासारखं.

दोन्ही आणली दहिसरच्या पुलाखालून.
तिथे सोनकी बसते, पळसाच्या पानांवर वाटे मांडून.
रांजणांचे वाटे पुढे, पिवळेजर्द, पाणी शिंपडलेले.
अळू मागे, गोणपाटावर,
पाहुणे आले की पोरांना आत पाठवतात तसे.
"बिल लागेल," मी म्हटलं.
ती हसली
आणि मूठभर रांजणं वर टाकली.

सोललं, कुटलं, गाळलं, तोललं.
नमुना अ: बी एक, काळी, चकचकीत, खिशात ठेवावी अशी.
चीक ओठांना धरतो,
दोन फळं खाऊन बोलायला गेलं तर शब्द अडखळतात.
हे लिहायला तक्त्यात रकाना नाही.
नमुना ब: बिया चार-पाच, दगडासारख्या.
गर थोडा, आंबटगोड,
दातांना काम फार.
यालाही रकाना नाही.

निळं द्रावण थेंबाथेंबाने सोडत गेले.
रस निळा पीत राहिला,
मग एका थेंबाला थांबला, फिकट गुलाबी झाला.
क जीवनसत्त्व मोजायची ही आमची जुनी रीत;
एकतीस वर्षं मी त्या गुलाबीची वाट पाहते आहे,
लग्नाच्या मुलीचीसुद्धा एवढी पाहिली नाही.
साखरेत अ पुढे गेला, अपेक्षेप्रमाणे.
मग रात्रभर भट्टी.
सकाळी मुशीच्या तळाशी
चिमूटभर राख, करडी, उदबत्तीच्या राखेहून हलकी.
पाणी, गोडवा, वास, सगळं गेल्यावर
फळात जे उरतं ते.
ब ची राख जास्त भरली.
पुन्हा तोलली. जास्तच.

मोडक सर खूश.
"बातमी आहे तांडेल मॅडम, बातमी!
डोंगरातलं दुर्लक्षित फळ, शहराचं नवं पोषण.
सोमवारी टाइप करून द्या."

शनिवारी पुन्हा पुलाखाली गेले, उगाच.
रांजणं संपली होती.
सोनकी अळू परत टोपलीत भरत होती.
"हे खपत नाही?"
"कोण घेतंय बाय. बघूनच तोंड फिरवतात."
"मग आणता कशाला?"
"रांजणाच्या टोपलीला खाली आधार लागतो.
आणि संध्याकाळी पोरं वाट बघतात.
रांजण विकायचा असतो, त्याला हात लावत नाहीत.
यावर मात्र तुटून पडतात."
तिच्या पायाशी एक पोरगी,
गुडघे घट्ट, डोळे लख्ख,
एकामागून एक बिया थुंकत होती
गटाराच्या जाळीत, नेम धरून.

घरी येताना मी हिशेब करत होते.
छापून आलं तर वाटा दहाचा तीस होईल,
तीसचा साठ, काचेच्या दुकानात पुठ्ठ्याच्या खोक्यात,
सोनकी अळू पुढे मांडेल, पाणी शिंपडेल,
आणि संध्याकाळी टोपलीत
तळाशी काय उरेल?
तिला चार पैसे जास्त मिळतील, हेही खरंच.
त्या पैशांचं ती काय आणेल, हे मला मोजता येत नाही.
माझ्याकडे त्याचं द्रावण नाही.

सोमवारी सकाळी शीतपेटी उघडली.
ब चे सात अळू शिल्लक, पुनर्तपासणीसाठी राखलेले.
दार लावून घेतलं.
खिडकीतून क्रेनचा आवाज येत होता.
एकेक करून खाल्ले,
बिया हातरुमालात गुंडाळल्या.
आंबट. मग गोड. मग पुन्हा आंबट,
जिभेच्या मागे कुठेतरी लोखंडासारखं काहीतरी,
की मलाच तसं वाटलं.

अहवालात लिहिलं:
नमुना अ: तपासणी पूर्ण. तक्ता सोबत.
नमुना ब: नमुना अपुरा.
फेरतपासणी पुढच्या हंगामात.

त्याआधी मी निवृत्त होणार आहे.
रुमाल अजून पर्समध्येच आहे,
बिया मोजल्या नाहीत.